सीमेकने लायब्ररीचा बिल्ड लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांतली प्रोजेक्टवाली मुलं आणि गावी राहून घरून काम करणारी मंडळी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच सी++ लायब्ररी धरली आहे, तिचं नाव ‘भरती’. बंदराचे हार्मोनिक स्थिरांक (भरती-ओहोटीच्या प्रत्येक घटकाची तिथली उंची आणि वेळ सांगणारे आकडे) आणि तारीख-वेळ दिली की ती पाण्याची पातळी सांगते. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. त्यांतला मुख्य घटक एम२, सुमारे १२ तास २५ मिनिटांचा. गणिताबद्दल इथे याहून जास्त काही नाही, बाकी सगळं बिल्डबद्दल. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

१. सीमेक हा कंपायलर आहे का? मग मेक आणि निंजा काय करतात?

कंपायलर नाही. कंपाइल करतात जीसीसी, क्लँग किंवा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर. कुठली फाइल बदलली आणि म्हणून काय काय पुन्हा कंपाइल करायचं, हे मेक किंवा निंजा ठरवतो. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. निंजा बराच अलीकडचा, इव्हान मार्टिन यांनी क्रोमियम ब्राउझरच्या अवाढव्य बिल्डसाठी केलेला. सीमेक या दोघांच्या वर बसतो. तुमची सीमेकलिस्ट्स फाइल वाचून तो त्या मशीनसाठी मेकफाइल, निंजाची फाइल किंवा व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट तयार करून देतो.

म्हणून काम नेहमी दोन टप्प्यांत होतं: आधी कॉन्फिगर, मग बिल्ड. एरर आली की ती कुठल्या टप्प्यातली हे पहिल्यांदा बघा. ‘पॅकेज सापडलं नाही’ ही पहिल्या टप्प्यातली तक्रार, ‘हेडर सापडला नाही’ ही दुसऱ्या. दोन्हींचे उपाय वेगळे.

२. पाच फाइलींच्या लायब्ररीला एवढा पसारा कशाला? एका ओळीत जीसीसी चालवलं की झालं की!

तुमच्या लॅपटॉपवर झालं. स्वतःपुरता प्रोग्राम असेल तर तेवढं पुरतं, मीही तसंच करतो. लायब्ररी मात्र दुसऱ्याच्या हातात जाते. त्याच्याकडे विंडोज आहे की लिनक्स, कंपायलर कुठला, त्याला डीएलएल (प्रोग्रामपासून वेगळी राहून चालताना जोडली जाणारी शेअर्ड लायब्ररी) हवी की स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मिसळणारी), यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नसतं. खालच्या बऱ्याच उत्तरांमागे हेच कारण आहे: जे वापरणाऱ्याने ठरवायचं, ते तुम्ही फाइलमध्ये ठोकून बसवू नका.

३. सीमेकची किमान आवृत्ती किती लिहू? एका जुन्या ट्यूटोरियलमध्ये २.८ आहे.

२.८ लिहू नका. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे तशी फाइल कॉन्फिगरच होत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये ३.२२ येतो, डेबियन १२ मध्ये ३.२५ आणि उबुंटू २४.०४ मध्ये ३.२८. कॉलेजच्या लॅबमध्ये २२.०४ असेल तर किमान ३.२२ धरा. ‘३.२२ ते ३.२८’ अशी मर्यादाही मध्ये तीन टिंबं देऊन लिहिता येते. जुन्या सीमेकवर ती फाइल चालते आणि नव्यावर नवी वागणूक मिळते.

दुसऱ्या कुणाची जुनी लायब्ररी याच कारणाने अडली असेल, तर कॉन्फिगर करताना ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम’ ला ३.५ द्या. हा तात्पुरता टेकू आहे, स्वतःच्या लायब्ररीत तो नको.

४. बिल्ड फोल्डर वेगळं का ठेवायचं? ते गिटमध्ये टाकायचं का?

गिटमध्ये अजिबात नाही. वेगळं ठेवलं की एकाच सोर्सवरून डिबगचं एक, रिलीजचं एक, रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डासाठी तिसरं अशी फोल्डरं शेजारी शेजारी नांदतात आणि नको झालेलं बिनधास्त उडवता येतं.

चुकून सोर्समध्येच कॉन्फिगर केलं असेल तर तिथली ‘सीमेककॅश’ फाइल आणि ‘सीमेकफाइल्स’ फोल्डर आधी काढा. ती राहिली, तर बिल्ड फोल्डरात जाऊन ‘सीमेक, मागचं फोल्डर’ अशी आज्ञा दिलीत तरी सीमेक मागच्याच फोल्डरला बिल्ड फोल्डर समजतो आणि सगळा कचरा पुन्हा सोर्समध्ये पडतो.

५. लायब्ररी स्टॅटिक करू की शेअर्ड?

तुम्ही ठरवू नका. ‘ॲड_लायब्ररी’ मध्ये दोन्हींपैकी कुठलाच शब्द लिहू नका. मग ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्स’ चालू असेल तर शेअर्ड होते, नाहीतर स्टॅटिक. अपवाद आहेत: प्लगइन, किंवा जिच्यात परवान्याची अट आहे अशी लायब्ररी. तिथे कारण लिहून ठेवा आणि मग खुशाल ठरवा.

६. पब्लिक, प्रायव्हेट आणि इंटरफेस यांत नेमका फरक काय? मी सगळीकडे पब्लिकच लिहितो, चालतंय.

चालतं, पण लायब्ररी वापरणाऱ्याच्या गळ्यात तुमची सगळी अवलंबनं (तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या) पडतात. प्रश्न एकच विचारायचा: ही गोष्ट माझ्या हेडरमध्ये दिसते का?

‘भरती’ बंदरांचे स्थिरांक एका जेसन फाइलमधून वाचते. त्यासाठी लागणारी जेसन लायब्ररी फक्त आपल्या सीपीपी फाइलींत वापरली आहे. वापरणाऱ्याला तिचं नावही कळायची गरज नाही, म्हणून ती प्रायव्हेट. पण पातळ्यांची मालिका परत देणाऱ्या फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये एखाद्या मॅट्रिक्स लायब्ररीचा प्रकार असेल, तर आपला हेडर घेणाऱ्या प्रत्येकाला तो हेडरही लागणार. ती पब्लिक. आणि लायब्ररी नुसती हेडरांची असेल, स्वतःचं कंपाइल करण्याजोगं काही नसेल, तर सगळं इंटरफेस.

हाच नियम इन्क्लूड फोल्डरांना, मॅक्रोंना आणि कंपायलरच्या पर्यायांना लागतो. ‘इन्क्लूड_डिरेक्टरीज’ सारख्या फोल्डरभर पसरणाऱ्या जुन्या आज्ञा टाळून ‘टार्गेट_’ ने सुरू होणाऱ्या वापरा, म्हणजे जे ज्या टार्गेटचं (बिल्डमधून बनणाऱ्या लायब्ररीचं किंवा प्रोग्रामचं) आहे ते त्यालाच चिकटतं. मला विचाराल तर सीमेकमध्ये हे एवढं नीट कळलं की बाकीचं कामापुरतं शोधून काढता येतं.

प्रायव्हेट लिहूनही वापरणाऱ्याला ती लायब्ररी लागते असा एक अपवाद आहे. त्यासाठी १५ वा प्रश्न पाहा.

७. सर, वर्षभराच्या भरतीचं कोष्टक काढायला प्रोग्राम फार वेळ घेतो. अल्गोरिदम बदलू का?

आधी बिल्ड टाइप बघा. मेक आणि साध्या निंजासाठी ‘सीमेक_बिल्ड_टाइप’ मुळात रिकामा असतो. रिकामा म्हणजे ऑप्टिमायझेशन नाही. कॉन्फिगर करताना रिलीज द्या आणि मग वेळ मोजा. डिबगरही लागणार असेल तर ‘रेलविथडेबइन्फो’ बरा. व्हिज्युअल स्टुडिओत मात्र हा पर्याय कॉन्फिगरच्या वेळी देऊन उपयोग नाही. तिथे बिल्ड करताना ‘कॉन्फिग’ द्यावा लागतो.

८. नवीन सीपीपी फाइल टाकली, पण बिल्डमध्ये येत नाही.

फाइलींची यादी ‘ग्लॉब’ ने गोळा करत असाल. ग्लॉब फक्त कॉन्फिगरच्या वेळी चालतो, नंतर आलेली फाइल त्याला दिसत नाही. ३.१२ पासून ‘कॉन्फिगर_डिपेंड्स’ जोडता येतं, पण नावं हाताने लिहिणं सगळ्यात सरळ.

९. आमच्याकडे रेंज सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही. प्रत्येक वेळी कॉन्फिगर करताना सीमेक नेटवर जातो आणि अडकतो. काय करू?

हा ‘फेचकंटेंट’ चा उद्योग. अवलंबनं गिटवरून ओढायची ही सोय चांगली आहे, पण लिहिणाऱ्याने नेट कायम आहे असं गृहीत धरलेलं असतं. वापरणाऱ्याच्या बाजूने तीन वाटा आहेत.

रेंज असेल तिथे एकदा पूर्ण कॉन्फिगर करून घ्या. नंतर ‘फेचकंटेंट_फुली_डिसकनेक्टेड’ चालू करा, मग त्या बिल्ड फोल्डरात सीमेक नेटला हात लावत नाही. पहिल्याच खेपेला हे चालू करू नका, कारण तेव्हा काहीच उतरलेलं नसतं. बिल्ड फोल्डर उडवलं तर उतरवलेलंही त्याच्याबरोबर जातं, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी वाट पेनड्राइव्हची. मित्राकडून त्या लायब्ररीचं सोर्स फोल्डर घ्या आणि ‘फेचकंटेंट_सोर्स_डिर_’ च्या पुढे लायब्ररीचं नाव मोठ्या अक्षरांत जोडून त्याला त्या फोल्डरचा पत्ता द्या. लॅबमधल्या सगळ्या मशीनना एकाच प्रतीवर भागवायचं असेल तर हीच वाट सोयीची.

तिसरी म्हणजे उबुंटूच्या पॅकेजांतून ती लायब्ररी बसवणं. पण हे आपोआप चालायला लायब्ररीच्या लेखकाने तशी सोय ठेवलेली हवी.

तो लेखक तुम्हीच असाल, तर ३.२४ पासून मिळणारं ‘फाइंड_पॅकेज_आर्ग्ज’ वापरा, म्हणजे सीमेक आधी मशीनवर शोधतो आणि नाही सापडलं तरच नेटवर जातो. (किमान आवृत्ती ३.२२ ठेवली असेल तर ती वाढवावी लागेल.) शिवाय गिटचा टॅग म्हणून शाखेचं नाव न देता कमिटचा पूर्ण हॅश द्या. शाखा दिली की प्रत्येक कॉन्फिगरला ‘नवीन काही आलं का’ म्हणून विचारणा होते. हॅश आधीच उतरलेला असेल तर विचारायचं काही उरत नाही.

१०. बिल्ड चालू असताना लाइट गेली. आता लिंकर म्हणतो फाइल अर्धवट आहे.

जूनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. ऑब्जेक्ट फाइल लिहिता लिहिता मशीन बंद पडलं की ती अर्धी किंवा शून्य बाइटची राहते. तिची वेळ सोर्सच्या नंतरची असल्याने मेकला ती ताजी वाटते. एररमध्ये जिचं नाव आहे ती ऑब्जेक्ट फाइल पुसून पुन्हा बिल्ड करा. एकाहून जास्त निघाल्या तर ‘क्लीन-फर्स्ट’ देऊन सगळंच नव्याने करा. निंजाने आपली नोंदवही अर्धवट असल्याची आणि ती सावरत असल्याची सूचना दिली तर घाबरू नका, तो स्वतः मार्ग काढतो.

वारंवार होत असेल तर ‘सीकॅश’ लावा. ‘सीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर_लाँचर’ ला त्याचं नाव दिलं की पुरे. क्लीन करूनही, आधी कंपाइल झालेल्या फाइली तो साठ्यातून देतो.

११. कालपर्यंत चालत होता. आज पायवर कोड बदललंय, बिल्ड केलंय, तरी जुनोच प्रोग्राम चलता. असा कित्याक?

घड्याळ बघा. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. लाइट जाऊन आली आणि नेट नसेल, तर पायची वेळ मागे राहते. अशा मागच्या वेळेत तुम्ही फाइल बदलली की तिच्यावर ऑब्जेक्ट फाइलीच्या आधीची वेळ पडते. मेक फक्त वेळा ताडून बघतो. त्याच्या हिशेबी काहीच बदललेलं नाही.

उलटा प्रकारही होतो: फाइलीची वेळ भविष्यातली आहे आणि घड्याळात तफावत असल्याने बिल्ड अपुरा असू शकतो, अशी सूचना मेक देतो. ती लोक वाचत नाहीत. दोन्हींवर उपाय सारखा: घड्याळ बरोबर करा, मग सगळं नव्याने बिल्ड करा. जेट्टीवर पाणी मोजायला ठेवलेल्या पायवर मुळात बिल्ड करूच नये, या मताचा मी आहे. पुढचा प्रश्न पाहा.

१२. लॅपटॉपवर बिल्ड करून पायवर नेता येईल का?

येईल. त्यासाठी टूलचेन फाइल लागते. तिच्यात सिस्टिमचं नाव, प्रोसेसर, क्रॉस कंपायलरचं (एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कंपाइल करणाऱ्याचं) नाव आणि लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते लिहायचं. शोधाचे नियम असे ठेवा की प्रोग्राम लॅपटॉपवरचे सापडावेत, पण हेडर आणि लायब्ऱ्या पायच्या प्रतीतल्याच. हे राहिलं तर लॅपटॉपची लायब्ररी पायच्या प्रोग्रामला जोडायचा प्रयत्न होतो आणि लिंकर ‘प्रकार जुळत नाही’ म्हणून हात वर करतो.

दोन गोष्टींवर लोक अडतात. पायवरची प्रणाली ३२ बिटची की ६४ बिटची हे बोर्ड बघून कळत नाही, चालू प्रणालीलाच विचारावं लागतं. आणि तुमच्या क्रॉस कंपायलरची ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पायवरच्यापेक्षा नवी असेल, तर प्रोग्राम बनतो पण तिकडे गेल्यावर ‘ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ म्हणतो. त्यावर पायच्याच फाइलींची प्रत लॅपटॉपवर घेऊन ती सिसरूट म्हणून द्यायची.

टूलचेन फाइल पहिल्याच कॉन्फिगरला द्या. आधीच्या बिल्ड फोल्डरात नंतर दिलेली लागू होत नाही.

१३. ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. बिल्ड लावला की माउससुद्धा हलत नाही.

एकाच वेळी किती फाइली कंपाइल होतात ते आवरा. निंजा आपणहून कोअरच्या संख्येहून थोडी जास्तच कामं चालवतो. मेकला नुसतं ‘जे’ दिलं, पुढे आकडा नाही, तर मर्यादाच उरत नाही. ‘जे २’ द्या. लिंक करताना जास्त अडकत असेल तर निंजामध्ये लिंकिंगसाठी वेगळा जॉब पूल करून तो एकवर ठेवता येतो.

१४. सीमेकलिस्ट्समध्ये ऑप्शन बदललं, पण परिणामच नाही.

पहिल्या कॉन्फिगरला ते मूल्य कॅशमध्ये गेलं. त्यानंतर तुम्ही बदलताय ते फक्त ‘कॅशमध्ये नसेल तर’ वापरायचं मूल्य. आज्ञेतच नवं मूल्य द्या, किंवा ३.२४ पासूनचा ‘फ्रेश’ पर्याय वापरून कॅश नव्याने करा.

१५. इन्स्टॉल केलेली ‘भरती’ दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ‘फाइंड_पॅकेज’ ने सापडत नाही. सापडली तर जेसन लायब्ररी मागते, ती तर प्रायव्हेट होती!

दोन वेगळे प्रश्न आहेत.

सापडत नाही, कारण नुसती लायब्ररी आणि हेडर कॉपी करून भागत नाही. टार्गेटची माहिती एक्सपोर्ट करून तिच्याबरोबर ‘भरतीकॉन्फिग’ नावाची सीमेक फाइल बसवावी लागते. ती बसवूनही सापडेना तर इन्स्टॉल केलेलं फोल्डर ‘सीमेक_प्रीफिक्स_पाथ’ मध्ये द्या. एक्सपोर्ट करताना ‘इन्क्लूडचा पत्ता सोर्स फोल्डरातला आहे’ अशी एरर आली, तर बिल्डसाठीचा पत्ता ‘बिल्ड_इंटरफेस’ मध्ये आणि नंतरचा ‘इन्स्टॉल_इंटरफेस’ मध्ये गुंडाळा. तुमच्या घरच्या फोल्डरचा पत्ता दुसऱ्याच्या मशीनवर निरुपयोगी आहे, एवढंच ती एरर सांगते.

जेसनचं कारण स्टॅटिक लायब्ररी. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं, ती स्वतः कशाशीच लिंक झालेली नसते. ते काम शेवटच्या प्रोग्रामपर्यंत लांबतं, म्हणून प्रायव्हेट असलेलीही लायब्ररी लिंकिंगपुरती लागतेच. सीमेक ती ‘फक्त लिंकसाठी’ अशी नोंद करून एक्सपोर्ट करतो. तुम्ही कॉन्फिग फाइलमध्ये तिच्यासाठी ‘फाइंड_डिपेंडन्सी’ लिहा. शेअर्ड बिल्डमध्ये ही अट पडत नाही, त्यामुळे फक्त शेअर्ड तपासून पाठवलेल्या लायब्रऱ्या नेमक्या इथे तोंडघशी पडतात.

१६. बिल्ड फोल्डरातून प्रोग्राम चालतो, इन्स्टॉल केल्यावर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणतो.

बिल्ड फोल्डरात असताना सीमेक लायब्ररीचा पत्ता प्रोग्राममध्येच लिहितो, त्याला आरपाथ म्हणतात. इन्स्टॉल करताना तो पुसतो. ‘इन्स्टॉल_आरपाथ’ मध्ये प्रोग्रामच्या जागेपासूनचा सापेक्ष पत्ता द्या, म्हणजे सगळं फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तरी चालतं. यूएसआर-लोकलमध्ये बसवलं असेल तर ‘एलडीकॉन्फिग’ एकदा चालवणंही पुरतं.

१७. लिनक्सवर सगळं ठीक. विंडोजवर डीएलएल होते, पण लिब फाइल तयारच होत नाही.

लिब फाइल म्हणजे डीएलएलशी लिंक करताना लागणारी यादी. ती होत नाही, कारण डीएलएलबाहेर दिसावं असं तुम्ही काहीच एक्सपोर्ट केलेलं नाही. लिनक्सवर सगळी फंक्शनं मुळात उघडी असतात, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर झाकलेली. ‘जनरेट_एक्सपोर्ट_हेडर’ वापरून मिळणारा मॅक्रो सार्वजनिक क्लास आणि फंक्शनांवर लावा. स्टॅटिक बिल्ड करताना त्याच हेडरचा ‘स्टॅटिक_डिफाइन’ मॅक्रो पब्लिक म्हणून द्यायला विसरू नका.

‘विंडोज_एक्सपोर्ट_ऑल_सिम्बल्स’ ने वेळ मारून नेता येते, पण ग्लोबल व्हेरिएबल त्यात नीट निभावत नाहीत.

विंडोजचं मशीनच नसेल तर लिनक्सवर व्हिजिबिलिटी ‘हिडन’ करा. मॅक्रो कुठे राहिला ते तिथेच लिंकर दाखवेल. उलट दिशेलाही एक अडचण आहे: विंडोजवर फाइलींच्या नावात लहान-मोठं अक्षर चालून जातं, लिनक्सवर नाही. आणि प्रोजेक्टचं फोल्डर देवनागरी नावाच्या किंवा खोल खोल फोल्डरात ठेवू नका. काही टूल अजून २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेवर अडतात.

१८. ‘भरती’ पायथनच्या मॉड्यूलमध्ये जोडताना लिंकर ‘एफपिक (कंपायलरचा पर्याय) लावून पुन्हा कंपाइल करा’ म्हणतो.

मॉड्यूल शेअर्ड, तुमची लायब्ररी स्टॅटिक. शेअर्डमध्ये जाणारा कोड कुठल्याही पत्त्यावर चालणारा हवा. शेअर्ड टार्गेटला सीमेक ते आपोआप लावतो, स्टॅटिकला नाही. ‘पोझिशन_इंडिपेंडंट_कोड’ चालू करा.

१९. माझी लायब्ररी मित्राने सबडिरेक्टरी म्हणून घेतली. आता त्याच्या बिल्डमध्ये माझ्या टेस्ट चालतात आणि माझ्या वॉर्निंगमुळे त्याचा बिल्ड मोडतो.

टेस्ट, उदाहरणं आणि वॉर्निंगला एरर मानणारा पर्याय, हे तिन्ही फक्त तुमचा प्रोजेक्ट सगळ्यात वर असेल तेव्हाच लागू करा. ३.२१ पासून त्यासाठी ‘प्रोजेक्ट_इज_टॉप_लेव्हल’ आहे. वॉर्निंगचा पर्याय तर प्रीसेटमध्येच (कॉन्फिगरचे पर्याय साठवणाऱ्या वेगळ्या फाइलीत) ठेवावा. पुढच्या वर्षीचा कंपायलर नवी वॉर्निंग देईल, आणि त्या दिवशी तुम्ही एक अक्षरही न बदलता लायब्ररी बिल्ड व्हायची बंद होईल.

२०. सोव्हर्जन (शेअर्ड लायब्ररीच्या नावातला सुसंगततेचा आकडा) कधी वाढवायचा? प्रत्येक रिलीजला?

नाही. जुन्या लायब्ररीवर बनलेला प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता नवी लायब्ररी टाकून चालणार नसेल, तेव्हाच. नवं साधं फंक्शन जोडलं, आतलं गणित सुधारलं, वेग वाढवला, तर आकडा तोच. पण ‘बंदर’ या सार्वजनिक स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं की त्याचा आकार बदलतो. जुना प्रोग्राम जुन्या आकाराने जागा राखतो, नवी लायब्ररी तिच्या पलीकडे लिहिते. तिथे आकडा वाढवायलाच हवा. व्हर्च्युअल फंक्शन वाढवणं किंवा त्यांचा क्रम बदलणं हेही त्यातच मोडतं. हे टाळायचं असेल तर स्ट्रक्ट उघडं ठेवू नका. हेडरमध्ये फक्त पॉइंटर द्या आणि फील्ड सीपीपी फाइलीत ठेवा.